डिप्रेशन, अ‍ॅन्झायटी आणि कॉलेज: आधी काय करायचं, मग काय (ठाणे-नवी मुंबईच्या पोरांसाठी)

सेमिस्टर चालू असताना डोकं ठिकाणावर नसेल तर अख्खं जग सल्ला द्यायला येतं आणि सगळं एकदम सांगतं. योगा कर, पहाटे ऊठ, मोबाईल बाजूला ठेव, चार लोकांत मिसळ, पॉझिटिव्ह विचार कर. यातलं बरंचसं चुकीचं नाहीये हो, पण ज्या पोराच्या अंगात अंघोळीला उठायचीही ताकद नाहीये त्याने हे सगळं एका सोमवारी कसं सुरू करायचं? माझं म्हणणं इतकंच की अशा वेळी दिवसाला एकच काम होतं, म्हणून कुठलं काम आधी हे ठरवणं जास्त महत्त्वाचं. मी ऐरोलीची, माझी स्वतःची ट्रीटमेंट कॉलेजात असतानाच सुरू झाली, आणि आता ज्युनिअर पोरापोरींचे तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून एकदाचं सगळं क्रमाने लिहून टाकतेय. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

बाकीचं नंतर, हे आत्ता

मरून जावं, झोपेतून उठूच नये, आपण नसलो तर घरच्यांची सुटका होईल असलं काही मनात येत असेल तर लेख राहू द्या, १४४१६ ला फोन लावा. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल तर "मला खूप त्रास होतोय, काय सांगू कळत नाहीये" एवढंच बोला, पुढचं ते विचारतात. आणि नुसता विचार न राहता कसं, कधी असं डोक्यात ठरायला लागलं असेल तर एकटं अजिबात राहू नका. शेजारच्या काकू असोत नाहीतर हॉस्टेलचा रूममेट, कोणाच्या तरी जवळ जाऊन बसा, ज्या वस्तूची स्वतःलाच भीती वाटतेय ती त्यांच्या ताब्यात द्या आणि त्यांना घेऊन जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, नाहीतर ११२ लावा.

पोलीस केस होईल म्हणून घरचे बऱ्याचदा गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ त्यांना दाखवा, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच त्यात धरलंय, आणि त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायचे असं म्हटलंय.

हे नुसतं टेन्शन आहे की दाखवायला पाहिजे?

व्हायवाचं टेन्शन व्हायवा झाली की उतरतं. सबमिशनच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणं हे पण नॉर्मल. पण दोन आठवडे झाले, जवळजवळ रोज तसंच चाललंय, ज्या गोष्टीत मजा यायची (क्रिकेट असेल, ढोलपथकाची प्रॅक्टिस असेल) त्यातही मन लागत नाहीये, झोप उडालीय नाहीतर दिवसभर झोपच झोप, एकच पान पंधरा वेळा वाचलं जातंय, आणि "मीच बेकार आहे" ही टेप डोक्यात चालू, तर मग ते वेगळं. अ‍ॅन्झायटी तर बऱ्याचदा आधी शरीरातून दिसते, छातीत धडधड, हात गार, लेक्चरला निघताना तीन वेळा टॉयलेट. मुलांच्या बाबतीत अजून एक सांगते, त्यांचं दुःख चिडचिडीच्या रूपात बाहेर येतं, त्यामुळे घरात "हा हल्ली फार उद्धट झालाय" एवढंच बोललं जातं आणि मूळ गोष्ट राहून जाते.

डॉक्टरही वापरतात अशा दोन प्रश्नावल्या आहेत, पीएचक्यू-९ डिप्रेशनसाठी आणि जीएडी-७ अ‍ॅन्झायटीसाठी. नेटवर मराठीतही मिळतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, त्याला ० ते ३ मार्क, पहिलीचे एकूण २७ आणि दुसरीचे २१. दोन्हींपैकी कुठल्याही एकीत १० किंवा वर गेलात तर दाखवून या. पीएचक्यूचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, त्यात शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण मार्क बघतच बसू नका, वरचा "बाकीचं नंतर, हे आत्ता" हा भाग पुन्हा वाचा. हे रोगनिदान नाही बरं का, नुसता तापमापक आहे. पण फायदा असा की दर दोन आठवड्यांनी भरलं तर उतरतंय की चढतंय ते कळतं, कारण आजारी मनाला नेहमी असंच वाटतं की काहीच फरक पडला नाही.

पहिला आठवडा: फक्त झोप, खाणं आणि अपॉइंटमेंट

अभ्यासाचा बॅकलॉग या आठवड्यात उघडूही नका. उठायची वेळ एक धरा, रात्री कितीही वाजता झोप लागली तरी सकाळी त्याच वेळेला उठायचं आणि उठल्यावर दहा मिनिटं गॅलरीत उजेडात उभं राहायचं. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद (एनर्जी ड्रिंक तर अ‍ॅन्झायटीवाल्याने घेऊच नये, धडधड आधीच कमी आहे का). जेवण बनवायचं त्राण नसेल तर वरणभात, दही-पोहे, केळं, काहीही, पण दिवसातून तीनदा. व्यायामाचं नंतर बघू.

आणि अपॉइंटमेंट. ती या आठवड्यातच घ्यायची, कारण "जरा बरं वाटलं की जाईन" म्हणत म्हणत सेमिस्टर संपतं.

कोणाकडे जायचं?

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेले डॉक्टर, या यादीतले औषध फक्त तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्याची थेरपी आणि टेस्ट करतात, त्यांचं आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन असतं, ते विचारायला लाजू नका. काउन्सेलर कॉलेजातही असतात. त्रास हलका असेल, म्हणजे कॉलेजला जाणं-येणं जमतंय, तर काउन्सेलरपासून सुरुवात चालेल, पण झोप-जेवण बिघडलंय किंवा मरणाचे विचार येतायत तर सरळ सायकियाट्रिस्ट. इन्स्टाग्रामवरचे "लाइफ कोच" या यादीत नाहीत, मुद्दाम सांगते.

कॉलेजात काउन्सेलर आहे की नाही हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक तरी प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा असं म्हटलंय. तेव्हा ऑफिसात जाऊन बिनधास्त विचारा.

आपल्या भागात पर्याय बरे आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था आहे, तिथे डॉक्टर आणि थेरपिस्ट दोन्ही मिळतात. कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरुळला डी. वाय. पाटील, कामोठ्याला एमजीएम, ही सगळी मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं, त्यामुळे मानसोपचाराची ओपीडी असतेच. आणि मग आपलं ठाण्याचं मनोरुग्णालय. "याला ठाण्याला पाठवा" हा जोक आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलाय, आणि त्या जोकपायीच कित्येक लोक त्या गेटमधून आत जात नाहीत. १९०१ पासूनचं हॉस्पिटल आहे ते, ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन ज्याच्या जागेवर होतंय तेच. ओपीडीत दाखवायचं म्हणजे भरती व्हायचं नव्हे, लोक येतात, दाखवतात, गोळ्या घेऊन घरी जातात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केलेत, हे पण त्यात येतं. खासगीत फी जागेनुसार फार बदलते, फोनवरच विचारून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्या भेटीत काय होतं

याचीच भीती सगळ्यात जास्त असते म्हणून नीट सांगते. सरकारी असेल तर सकाळी लवकर जा, खिडकीवर केसपेपर काढायचा, नाव-वय-पत्ता, मग बाकावर नंबर लागेपर्यंत बसायचं. बाकावर बाजूला आई मुलीला घेऊन आलेली असते, एखादे रिटायर्ड काका पेपर वाचत असतात, एखादा ऑफिसची बॅग घेऊन हाफ डे टाकून आलेला असतो. तुमच्याकडे कोणी बघत नाही. जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली न्या, वेळ लागतो.

आत गेल्यावर आयत्या वेळी सगळं विसरायला होतं, आणि सवयीने तोंडातून "तसं काही नाही, ठीक आहे" निघून जातं. म्हणून आदल्या दिवशी मोबाईलमध्ये लिहून ठेवा: त्रास कधीपासून, झोप किती, जेवण कसं, कॉलेजात काय अडतंय, सगळ्यात वाईट विचार कुठला येतो. बोलवत नसेल तर मोबाईल सरळ डॉक्टरांच्या हातात द्या, चालतं. दारू, गांजा, व्हेप, गुटखा जे काही असेल ते खरं सांगा, त्यावर गोळ्या ठरतात. घरात कोणाला असा त्रास होता का तेही. आणि एक गोष्ट आवर्जून सांगायची, मागे कधी असं झालंय का की कितीतरी दिवस दोन-तीन तास झोपूनही भन्नाट एनर्जी, बडबड, पैसे उधळणं, आपण काहीही करू शकतो असं वाटणं? हे सांगितलं नाही तर बायपोलरचा त्रास साध्या डिप्रेशनसारखा दिसतो आणि औषध चुकीच्या दिशेने जाऊ शकतं.

डॉक्टर बहुतेक थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ असल्या टेस्ट लिहून देतील. टाळू नका, थायरॉइड मंद असेल किंवा बी-१२ कमी असेल तरी असाच थकवा आणि उदासी येते, शाकाहारी घरातल्यांनी तर नक्कीच करून घ्या.

आणि हो, वय अठराच्या वर असेल तर डॉक्टर घरी फोन करून सांगत नाहीत, गोपनीयता कायद्यानेच दिलेली आहे. जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी.

गोळ्यांबद्दल जरा खरंखुरं

सगळ्यांना गोळ्या लागतातच असं नाही. लागल्या तर बहुतेक वेळा एसएसआरआय या डिप्रेशन-अ‍ॅन्झायटीवरच्या औषधांच्या गटातल्या, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन ही नावं दिसतील. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता असं होऊ शकतं, आणि फायदा लगेच दिसत नाही, दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण असर दिसायला अजून जास्त. म्हणजे त्रास आधी आणि उपयोग नंतर, आणि बरीच पोरं नेमकी याच मधल्या काळात सोडून देतात. २५ च्या आतल्या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलताना मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरातल्या किंवा रूममधल्या एकाला माहीत असू द्या आणि तसं काही वाटलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

बरं वाटायला लागल्यावरही गोळी साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवायला सांगतात. मनानेच बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपेचा बट्ट्याबोळ, आणि आजार उलटून यायची शक्यता. या गोळ्यांची नशा किंवा चटक लागत नाही. चटक लागू शकते ती क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांची, त्या डॉक्टर देतील तेवढेच दिवस, आणि मावशीच्या डब्यातली अर्धी तोडून घ्यायची नाही.

घरी कसं सांगायचं

वेळ निवडा. जेवणाच्या ताटावर नको, सिरीयलच्या वेळी नको, रिझल्टच्या दिवशी तर नकोच. आईबाबा दोघांना एकदम सांगण्यापेक्षा जो जास्त ऐकतो त्याला आधी. आणि रोगाच्या नावापासून सुरू करण्यापेक्षा शरीरापासून सुरू केलं तर आपल्या घरांत लवकर पटतं, असा माझा अनुभव:

"आई, महिना झाला मला रात्री झोप लागत नाहीये, जेवण जात नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय गुरुवारची. तू येशील का सोबत?"

बघा, यात परवानगी मागितलेली नाही, सोबत मागितलीय. उत्तर काय येईल तेही सांगते. "सगळ्यांनाच टेन्शन असतं." "आमच्या वेळी आम्ही ट्रेनला लटकून जायचो, आम्हाला नाही झालं डिप्रेशन." "आधी तो मोबाईल कमी कर." यावर वाद घालू नका, त्या दिवशी तुमच्यात वाद जिंकायची ताकद नसते. "बरं, मोबाईल कमी करते, पण गुरुवारी चल," एवढंच. गुरुवार सोडायचा नाही. आई नाहीच आली तर मावशी, चुलतभाऊ, बिल्डिंगमधली ताई, कोणीही चालेल. एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बऱ्याच बाबांचा सूर बदलतो, आणि पुढच्या महिन्यात तेच विचारतात, "गोळी घेतलीस का?"

"लग्नाच्या वेळी कळलं तर?" हा प्रश्नही येतोच. त्याचं उत्तर मी आजपर्यंत एकच देत आलेय, आधी पोरगी जगू दे.

कॉलेजची बाजू

आता बॅकलॉगची वही उघडा. अटेंडन्सचा प्रश्न असतो, ७५ टक्क्यांची अट असते, आणि डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी कळवलेलं केव्हाही चांगलं. डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घ्या, त्यावर "उपचार चालू आहेत, अमुक तारखेपर्यंत विश्रांतीची गरज" एवढं असलं तरी पुरतं, निदान लिहायलाच पाहिजे असं नाही, तसं सांगून घ्या. क्लास टीचर किंवा मेंटॉरला मेल टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, पुरावा राहायला हवा:

"सर, माझी तब्येत गेले काही आठवडे बरी नाही, डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत. सर्टिफिकेट जोडलंय. राहिलेली प्रॅक्टिकल्स आणि असाइनमेंट कधी पूर्ण करता येतील ते सांगाल का? भेटायला कधी येऊ?"

मग विषयांची यादी करा आणि निष्ठुरपणे दोन भाग पाडा, या सेमिस्टरला जे निघतील ते आणि जे राहतील ते. केटी (म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देणं) लागली तर लागली. केटी पुढच्या परीक्षेला सुटते, आणि चार विषय निघतील अशी ताकद असताना सहा धरून बसलं की सहाही जातात हे मी खूप वेळा बघितलंय. अगदीच जमत नसेल तर एक वर्ष ड्रॉप हा पण पर्याय आहे, पण तो निर्णय आजाराच्या ऐन भरात घेऊ नका, डॉक्टरांशी बोलून, जरा डोकं हलकं झालं की मग.

रोजचं: मूड येईल तेव्हा नाही, ठरल्या वेळेला

डिप्रेशनमध्ये माणूस काही करत नाही, काही केलं नाही म्हणून अजून वाईट वाटतं, म्हणून अजून काही करत नाही. हे चक्र विचार करून तुटत नाही, छोटी कामं ठरवून करत गेलं की तुटतं, थेरपीतही हेच करायला लावतात. दिवसाला एक काम हातांचं आणि एक घराबाहेरचं. हातांचं म्हणजे स्वतःचा कप धुणं, बेडशीट बदलणं, एवढंच. बाहेरचं म्हणजे तलावपाळीला एक फेरी, उपवनला बाकावर पंधरा मिनिटं, वाशीकरांना मिनी सीशोअर, खारघरवाल्यांना सेंट्रल पार्क. मजा येणार नाही सुरुवातीला. तरी जायचं, आणि आल्यावर कॅलेंडरवर टिक.

ट्रेनमधली घबराट

हा ठाणे-वाशी लाइनचा खास प्रश्न, कारण कॉलेजला जायचं तर गर्दी चुकत नाही. पॅनिक अटॅक आला की हार्ट अटॅक आलाय असंच वाटतं (पहिल्यांदा झालं तर एकदा ईसीजी काढून घ्याच). पण घबराट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग उतरतेच, शरीर तेवढं तेवढ्या जोरात फार वेळ चालवू शकत नाही. त्यावेळी खोल श्वास घ्या म्हणतात, त्याने उलट काही जणांना चक्कर येते. श्वास सोडणं लांबवा: चार मोजत नाकाने आत, सहा-सात मोजत बाहेर. पाय जमिनीला दाबा, डब्यात दिसणाऱ्या पाच वस्तू मनात म्हणा, हँडल, पंखा, समोरच्या मावशींची पिशवी, जे असेल ते.

नाहीच जमलं तर पुढच्या स्टेशनला उतरा, बाकावर बसा. मात्र तिथून रिक्षा करून घरी नका जाऊ. धडधड उतरली की पुढची गाडी पकडा. पळून घरी गेलं की मेंदू शिकतो की ट्रेन खरंच धोक्याची होती, आणि मग आज ट्रेन, उद्या बस, परवा लिफ्ट असं जग लहान होत जातं. ट्रेन पूर्णच सुटली असेल तर पायऱ्या करा. आधी नुसतं ऐरोली स्टेशनवर जाऊन दहा मिनिटं बसून यायचं. मग दुपारी गर्दी नसताना ऐरोली ते रबाळे, एकच स्टेशन, सोबत कोणीतरी. मग तेच एकट्याने. मग घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, एकेक वाढवत वाशी, आणि शेवटी सकाळची गर्दी. एका पायरीवर भीती निम्मी होईपर्यंत तीच पायरी परत परत. यात आठवडे जातात, जाऊ द्या. थेरपिस्ट सोबत असेल तर हे जास्त नीट होतं.

मित्र असाल तर

"स्ट्राँग राहा" नको. "गुरुवारी मी येतो तुझ्यासोबत ओपीडीला, किती वाजता निघायचं?" हे बोला. जर्नल लिहून द्या, डबा आणा, रिप्लाय नाही आला तरी मेसेज टाकत राहा. आणि मरायच्या गोष्टी बोलत असेल तर सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. "कोणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली असेल तर ती मोडा, आणि त्याला एकटं न सोडता मोठ्या माणसाला सांगा.

पुढचे महिने

बरं होणं सरळ रेषेत नसतं, परीक्षेच्या आधी, रिझल्टनंतर, आणि पावसाळ्यात चार दिवस सूर्य दिसला नाही की काही जणांचा मूड पुन्हा खाली जातो. स्वतःच्या दोन-तीन खुणा ओळखून ठेवा. माझी खूण म्हणजे मी कॉल घेणं बंद करते, हे बहिणीला माहीत आहे आणि तिला विचारायची परवानगी आहे. फॉलोअप बरं वाटत असलं तरी चुकवायचा नाही. आणि गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी निघायच्या आधी गोळ्या मोजून घ्या, परतीच्या गाडीचा गोंधळ होतोच, चार-पाच दिवसांच्या जास्तीच्या ठेवा, प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाईलमध्ये आणि एक झेरॉक्स पाकिटात, कारण गावच्या मेडिकलवाल्याकडे ही औषधं असतीलच असं नाही, आणि असली तरी चिठ्ठीशिवाय तो देणार नाही.